वाड्याच्या माळ्यावर घर करायचंय? आधी सहा फुटी काठी घ्या

मागच्या महिन्यात भाचीचा मेसेज आला, मावशी इथे बडोद्यात दांडिया बाजारात एका जुन्या वाड्याचा वरचा मजला भाड्याने मिळतोय, जाहिरातीत लॉफ्ट अपार्टमेंट लिहिलंय, घेऊ का? मी तेव्हा पोहे खात होते, ठसकाच लागला. आपल्या घरात लॉफ्ट म्हणजे बाथरूमवरची ती जागा जिथे चाक तुटलेली सुटकेस, गेल्या वर्षीचा आकाशकंदील आणि लग्नात आलेला तिसरा डिनर सेट पडून असतो. आता त्यालाच अपार्टमेंट जोडलं की भाडं वाढतं, छान आहे.

पण मी हसायला नको होतं कारण मी स्वतः सात वर्षं अशाच माळ्यावर राहतेय. आत्याच्या सासरचा वाडा, खाली आत्या, मधल्या मजल्यावर तिचे दीर-जाऊ आणि कौलांखाली मी. फाइन आर्ट्सला शिकत होते तेव्हापासून त्या माळ्यावर डोळा होता. भाचीला फोनवर सांगायला लागले तर तास गेला आणि निम्मं राहिलंच, म्हणून सगळं इथे लिहून काढतेय. बडोद्यात चार दरवाज्यांच्या आत, म्हणजे जुन्या शहरात असो की बाहेर रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुऱ्यात असो, जुन्या लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर कोणी राहायला जाणार असेल तर उपयोग होईल.

एक गोष्ट आधी समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. लॉफ्टमध्ये राहायची फॅशन आली न्यूयॉर्कच्या सोहो भागातून. १९६० आणि ७० च्या दशकात तिथले कारखाने, गोदामं रिकामी पडली, चित्रकार लोक स्वस्तात मोठी जागा आणि मोठ्या खिडक्या म्हणून तिथे राहायला लागले, बेकायदेशीरच, मग शेवटी १९८२ ला त्यांच्यासाठी लॉफ्ट लॉ नावाचा कायदाच करावा लागला. आता त्या इमारती कशासाठी बांधल्या होत्या? मशिनं आणि मालाच्या थप्प्या ठेवायला. लोखंडी खांब, जाड फ्लोअर, वर ट्रकभर सामान ठेवा काही होणार नाही. आपला माळा कशासाठी होता? लोणच्याच्या बरण्या, पापड-कुरडया, जास्तीची भांडी, उन्हाळ्यात वाळवणाचं सामान आणि आजोबांचे जुने पंचांगांचे गठ्ठे. म्हणजे फोटोत दोन्ही सारखे दिसतात, उघडं लाकूड, उघड्या विटा, तिरकं छप्पर, पण अंगात ताकद सारखी नाही. त्यामुळे इंटरनेटवर बघून जे जे करावंसं वाटेल, त्या प्रत्येक वेळी दोनच प्रश्न विचारायचे, वजन किती वाढणार आणि पाणी कुठे जाणार. मी हे दोन प्रश्न वेळेवर विचारले नाहीत त्याची गोष्ट पुढे येईलच.

तर काठी. घर बघायला जाताना सहा फुटी काठी न्या, वेताची, बांबूची, कपडे वाळत घालायची असते ती पण चालेल. तिरक्या छपराखाली मधोमध आढ्याखाली उभं राहिलं की दहा-अकरा फूट उंची मिळते आणि माणूस खूष होतो, पण कडेला भिंतीपाशी तीच उंची चार-पाच फुटांवर येते. मालक सांगणार सातशे स्क्वेअर फूट. तुम्ही काठी उभी धरून मधून कडेकडे चालत जा, जिथे काठी वाशाला लागेल तिथे खडूने जमिनीवर रेघ मारा. दोन्ही बाजूच्या रेघांच्या मध्ये जेवढं आलं तेवढंच तुमचं घर, बाकी गाद्या, पुस्तकं आणि वाकून झाडू मारण्यासाठी. माझं सातशेचं साडेचारशे झालं. भाडं त्या साडेचारशेवर बोला. मालकाला राग येतो पण खडूची रेघ त्याला पण दिसत असते.

कधी बघायला जायचं? पावसात. दिवाळीनंतर सगळेच माळे सुंदर दिसतात, रंग मारलेला असतो, ऊन तिरकं येतं, कबुतरं पण गोड वाटतात. तुम्ही जुलै-ऑगस्टमध्ये जा, दोन दिवस सलग पडल्यावर जा. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात जवळपास वीस इंच पाऊस झाला तेव्हा खाली रस्त्यावर पाणी आणि मगरींचे व्हिडिओ फिरत होते, आणि मी वर सात पातेली, दोन बादल्या आणि आत्याचा पुरणाचा टोप मांडून बसले होते. विश्वामित्री नदीचा पूर आपल्यापर्यंत येत नाही हे वरच्या मजल्याचं सुख, पण आकाशातलं पाणी सगळ्यात आधी आपल्याकडे येतं. पावसात गेलात की वर बघा, वाशांवर काळपट ओघळ आहेत का, लाकडाला चहा सांडल्यासारखे गोल डाग आहेत का, भिंत आणि छप्पर जिथे भेटतं तिथे हात लावा. नाक वापरा. ओल्या गोणपाटाचा वास आला तर फक्त कौल फुटलेलं नाहीये, आत लाकूड बरेच दिवस भिजतंय.

आता लाकूड, आणि इथे घाई करू नका. जुन्या वाड्यात बहुतेक ठिकाणी सागवान मिळेल आणि सगळे छाती ठोकून सांगतील की सागाला वाळवी लागत नाही. अर्धं खरं. सागाचा आतला गाभा, तो काळसर सोनेरी भाग, वाळवीला नको असतो, पण बाहेरचा फिकट भाग ती आवडीने खाते, आणि सतत ओला राहिला की गाभा पण कुजतो. कुजतो कुठे? तुळईच्या मधल्या भागात नाही जिथे तुम्ही बघताय आणि फोटो काढताय. तुळईचं टोक जिथे भिंतीत घुसतं तिथे. भिंतीत मुरलेलं पाणी बरोबर त्या टोकाला जाऊन बसतं, वारा लागत नाही, वरून गिलावा मारलेला, कोणाला दिसत नाही आणि तुळई बाहेरून राजेशाही दिसत असते.

तर स्क्रू ड्रायव्हर घ्या, हातोडी घ्या, मालकाची परवानगी घ्या. आधी तुळईवर मधोमध हलकं ठोका, टणटण आवाज येईल तो लक्षात ठेवा. मग ठोकत ठोकत भिंतीकडे जा. आवाज बदलून भद्द, पोकळ झाला की थांबा. तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचा. चांगल्या सागात टोक जेमतेम रुततं. सहज अर्धा इंच आत गेलं, किंवा लाकूड बिस्किटासारखं चौकोनी तुकड्यांत सुटायला लागलं तर ते टोक गेलेलं आहे. बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर भुंगा आहे, आणि पेन्सिलीएवढ्या जाडीची मातीची नळी भिंतीवरून लाकडाकडे चढताना दिसली तर वाळवी, आमच्या शेजारच्या बेन तिला उधई म्हणतात आणि नाव घेतलं तरी कपाळाला हात लावतात.

टोक गेलं म्हणून घर सोडून द्यायचं असं नाही. चांगला सुतार आणि सोबत स्ट्रक्चरल इंजिनियर, दोघं हवेत, एकटा कोणी नको. आधी खालून टेके लावून वजन उचलून धरायचं, आणि टेका वरच्या मजल्यापुरता नाही तर खालच्या मजल्यापासून जमिनीपर्यंत सरळ रेषेत लावायचा नाहीतर तुम्ही तुमचं वजन खालच्या काकूंच्या दिवाणखान्याच्या तुळईवर देता. मग कुजलेलं टोक कापून जुन्याच सागाचा तुकडा जोडतात, दोन बाजूंनी लोखंडी पट्ट्या आणि आरपार बोल्ट, किंवा टोकाखाली भिंतीत दगड वा लोखंडाचा आधार देतात. आमचे सुथारकाका पंच्याहत्तरीचे, चष्मा कपाळावर, त्यांनी एक तुळई ठोकून बघितली आणि म्हणाले "बेन, आ तो हजी सो वरस काढशे", म्हणजे ही अजून शंभर वर्षं काढेल, दुसरी ठोकली आणि काहीच बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. ती दुसरी बदलावी लागली. परत बसवताना टोकाभोवती सिमेंट ठासू देऊ नका. थोडी मोकळी जागा, वारा लागेल अशी, हेच त्याचं औषध.

एक गोटी पण खिशात ठेवा. जमिनीवर सोडा. थोडी घरंगळणारच, दीडशे वर्षांचं घर आहे, पण सगळ्या खोल्यांतून एकाच कोपऱ्याकडे पळत असेल तर त्या कोपऱ्याखाली काय चाललंय ते खालच्या मजल्यावर जाऊन बघा. मधला खांब कोणी काढलाय का विचारा. हॉल मोठा करायला खालच्या मजल्यावरचा खांब उडवलेला असतो आणि वरच्या माणसाला पत्ता नसतो.

आता माझी फजिती. वर बाथरूम नव्हतं. जुन्या वाड्यात ते खाली मागच्या बाजूला असायचं आणि रात्री दोन वाजता दोन जिने उतरून जाणं मला काही जमणारं नव्हतं. एक कॉन्ट्रॅक्टर मिळाला, गोड बोलणारा, म्हणाला ताई काही टेन्शन नाही, आठ दिवसांत करून देतो. त्याने कडीपाटावर, म्हणजे लाकडी फळ्यांच्या जमिनीवर, प्लॅस्टिक अंथरलं, त्यावर चार इंच काँक्रीट, त्यावर विटांचे तुकडे आणि कोबा, मग टाइल्स. दिसायला हॉटेलसारखं. आता हिशोब करा, चार इंच काँक्रीटचं वजन एका स्क्वेअर फुटाला साधारण २३ किलो, माझं बाथरूम चाळीस फुटांचं, म्हणजे नुसतं काँक्रीटच ९०० किलोच्या वर, कोबा आणि टाइल्स वेगळ्या, आणि हे सगळं सऱ्यांवर, म्हणजे फळ्यांखालच्या बारीक आडव्या लाकडांवर, जी लोणच्याच्या बरण्यांसाठी होती. दुसऱ्या पावसाळ्याच्या आधीच खालच्या काकू वर आल्या, काही बोलल्या नाहीत, माझा हात धरून खाली नेलं आणि देवघराच्या वर बोट दाखवलं. कडीपाटाच्या फळीतून थेंब पडत होता, बरोबर समईच्या बाजूला. प्लॅस्टिक कधीच फाटलं होतं, पाणी मुरत होतं आणि त्या खणातली तुळई मधोमध बोटभर खाली आली होती.

सगळं फोडलं. परत केलं ते असं, आणि तुम्ही पहिल्यांदाच असं करा. बाथरूमची जागा आपल्या आवडीने ठरवायची नाही, खाली जाड विटांची भिंत कुठून कुठे जाते ते बघून ठरवायची. दोन भिंतींवर टेकवून लोखंडी गर्डर, त्यावर लोखंडी फ्रेम, त्यावर फायबर सिमेंटचे बोर्ड, म्हणजे वजन भिंतींवर जातं, लाकडावर नाही. बोर्डावर वॉटरप्रूफिंगचा थर, तो भिंतीवर पण फूटभर वर चढवलेला. आणि टाइल्स लावायच्या आधी पाणी जायचं भोक बंद करून दोन इंच पाणी भरून ४८ तास ठेवायचं, खाली जाऊन टॉर्चने बघायचं. प्लंबर म्हणेल गरज नाही. तुम्ही म्हणायचं मला आहे. पाइप सगळे बाहेरून, दिसले तर दिसू देत, भिंतीत पुरलेला पाइप गळतो तेव्हा तुम्हाला सहा महिन्यांनी कळतं.

फरशीचंही तेच. जुनी लाकडी जमीन करकरते, फटींतून खालच्यांच्या डोक्यावर धूळ पडते, म्हणून लोकांना वाटतं व्हिट्रिफाइड टाकून टाकू. दोन इंच माल आणि वर टाइल धरली तर ४०० स्क्वेअर फुटाला साडेचार टन होतं. सात मारुती ८०० माळ्यावर पार्क केल्यासारखं आहे हे. त्यापेक्षा फळ्या घासून घ्या, फटीत लाकडाच्या पट्ट्या बसवा, तेल-मेण लावा आणि वर काथ्याची चटई किंवा जाड सतरंजी टाका, आवाज पण कमी होतो. माझ्या हातातून चमचा पडला की खालचे काका अजूनही वर बघतात असं काकू सांगतात.

पाण्याची टाकी. हजार लिटरची टाकी भरली की एक टन. ती कौलाच्या छपराजवळ कुठेतरी लाकडी मचाणावर ठेवलेली मी स्वतः बघितली आहे आणि त्या घरात चहा पण घेतला नाही. आपल्याकडे पाणी ठरलेल्या वेळेला येतं आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत प्रेशर येत नाही, म्हणून खाली साठवायची टाकी आणि मोटर लागणारच, पण वर दोनशे लिटरच्या दोन छोट्या टाक्या पुरतात, त्या पण जिन्याच्या जाड भिंतीवर. एकट्या माणसाला एवढं पाणी खूप झालं, पाहुणे आले की मोटर जास्त वेळा लावायची.

भिंतींबद्दल थोडक्यात सांगायचं ठरवलं होतं पण राहवत नाही. जुन्या भिंती विटा आणि चुन्याच्या किंवा मातीच्या आहेत, त्या ओल घेतात आणि सोडतात. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर प्लॅस्टिक पेंट मारला की ओल आत अडकते, मग ती क्षार घेऊन जिथून वाट मिळेल तिथून बाहेर येते, पांढरा लोणा धरतो, पोपडे पडतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते पाणी तुळईच्या टोकाकडे सरकतं. म्हणजे रंगाचं काम वाटत होतं ते लाकडाचं निघतं. चुन्याचाच गिलावा करा. चुना भिजवून निदान दोन-तीन आठवडे पाण्याखाली ठेवायचा, वाळू आणि सुरखी म्हणजे विटांची पूड घालायची, पातळ थर द्यायचे, आणि घाई अजिबात नाही कारण चुना सिमेंटसारखा एका दिवसात घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत हळूहळू दगड बनतो. कडिया म्हणजे गवंडी लोकांमध्ये आता चुना येणारे कमी राहिलेत, जुन्या देवळांची कामं करणाऱ्यांना विचारा, आणि एका भिंतीवर तीन फुटाचा तुकडा करून बघा मग बाकीचं द्या. आणि विटा उघड्या करायची हौस असेल तर एकच भिंत करा, बाहेरची तर नकोच. त्या विटा गिलाव्याखाली राहायला म्हणूनच भाजलेल्या होत्या, उघड्या केल्या की भुगा होतो, मी रोज सकाळी लाल धूळ पुसते.

उन्हाळा. मे महिन्यात बाहेर ४२-४३ डिग्री असतं तेव्हा कौलांखाली काय होतं ते मी सांगत नाही, तुम्ही दुपारी अडीच वाजता वर जाऊन पाच मिनिटं उभे राहा. पहिल्या वर्षी मी डायरेक्ट एसी लावला आणि तो बिचारा आकाश थंड करत राहिला. आधी छप्पर. कौलांवर पांढरा चुना मारा, स्वस्त आहे, दर एप्रिलला परत मारावा लागतो पण फरक हाताला कळतो. कौलांच्या खाली वाशांमधून फळ्या किंवा बोर्ड आणि त्यात रॉकवूल, म्हणजे उष्णता अडवणारा लोकरीसारखा थर, पण कौल आणि बोर्ड यांच्यामध्ये तीन-चार इंच मोकळी जागा सोडायची आणि ती जागा खाली वळचणीला आणि वर आढ्यापाशी उघडी ठेवायची, जाळी लावून, म्हणजे गरम हवा वरून निघून जाते आणि लाकूड पण कोरडं राहतं. हे न करता घट्ट पीओपीचं फॉल्स सीलिंग मारलं की गळती दिसत नाही, वाशे आत कुजतात, आणि वर उंदीर संसार मांडतात. दोन खिडक्या समोरासमोर आणि त्रिकोणी भिंतीत उंचावर एक एक्झॉस्ट, रात्री दहानंतर तो लावला की अर्ध्या तासात खोली उतरते. एसी मग लागला तरी छोटा पुरतो.

उजेडासाठी छपराला मोठी काच वगैरे फोडाफोडी करू नका. काचेचं कौल मिळतं, मंगलोरी कौलाच्याच मापाचं, एक काढायचं एक बसवायचं, उत्तरेच्या पाख्यावर तीन-चार लावली की दिवसभर दिवा लागत नाही. माझ्या टेबलावर सकाळी अकराला बरोबर एक चौकोन उजेड येतो. जुनी कौलं उलटी करून बघा, कधीकधी शिक्का मिळतो, मंगलोरला बासेल मिशनवाल्यांनी १८६५ ला कौलांचा कारखाना काढला आणि नंतर ती सगळीकडे गेली, आपल्याकडे मग मोरबीची पण आली. प्रत्येक कारखान्याच्या खाचा थोड्या वेगळ्या असतात, त्यामुळे फुटलेल्या कौलाच्या जागी दुसऱ्या कंपनीचं बसत नाही, बसलं तरी गळतं. एखादा जुना वाडा पाडत असतील तर तिथून आपल्या मापाची पन्नास कौलं आणून ठेवा.

वीज. जुनी वायरिंग लाकडी पट्टीवरची असेल तर त्यावर विश्वास नकोच, पूर्ण नवी करा, लाकडी घरात आग ही भिंतीतून नाही तर जॉइंटमधून लागते. वायर पाइपमधूनच, अर्थिंग नवीन, मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच), एसी आणि गीझरला वेगळी ४ स्क्वेअर एमएम लाइन. मीटरचा मंजूर लोड बघा, खालच्यांच्या मीटरवरून वायर ओढून घेऊ नका, नात्यात वितुष्ट येतं. दोन फायर एक्स्टिंग्विशर, एक स्वयंपाकघरात आणि एक जिन्यापाशी, कारण जिना एकच आहे आणि तो पण लाकडाचा.

कागदपत्रं. भाड्याने घेत असाल तर करार लेखी, पोलिस व्हेरिफिकेशन करून, आणि त्यात एक ओळ घालाच की छपराची दुरुस्ती कोणी करायची आणि तुम्ही केली तर भाड्यातून कशी वळती होणार. सगळे ११ महिन्यांचा करार करतात कारण वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करावा लागतो, पण तुम्ही जर छपरावर पैसे घालणार असाल तर ११ महिन्यांवर भरवसा ठेवून घालू नका, लांबचा करार रजिस्टर करून घ्या. आधीचा जुना भाडेकरू कोणी भाडे नियंत्रण कायद्याखाली, म्हणजे १९४७ च्या, त्या मजल्यावर हक्क सांगतोय का ते शेजारी विचारा, मालक सांगणार नाही.

विकत घेत असाल तर सिटी सर्व्हेच्या ऑफिसमधून प्रॉपर्टी कार्ड काढा आणि त्यावरची नावं मोजा. आमच्या वाड्याच्या कार्डावर नऊ नावं आहेत, त्यातली तीन देवाघरी, दोन पुण्यात, एक न्यू जर्सीत. सगळ्यांच्या सह्या किंवा वाटणीपत्र असल्याशिवाय बयाणा देऊ नका, "ते काका काही म्हणणार नाहीत" हे वाक्य ऐकलं की तिथून उठा. जुन्या शहराचे बरेच भाग अशांत धाऱ्यात, म्हणजे गुजरातच्या अशांत क्षेत्र कायद्याखाली आहेत, तिथे विक्रीला कलेक्टरची परवानगी लागते, तो वेळ धरून चाला. आणि घर तांबेकर वाड्याच्या आसपास असेल तर आणखी एक, तो वाडा भिंतींवरच्या चित्रांसाठी बघायला आपण पाहुण्यांना नेतो पण तो पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, आणि अशा स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकाम चालत नाही, दुरुस्तीला पण परवानगी घ्यावी लागते, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये बांधायलाही परवानगी. टेप घेऊन मोजत बसू नका, लेखी विचारा.

झोपाळा. बडोद्यात राहून घरात झोपाळा नाही असं कसं, आणि माळ्यावर आढ्याखाली तो फार शोभतो. जुन्या कड्या लागलेल्या असतील तरी ती कडी मुख्य तुळईत आरपार बोल्टने आहे की सऱ्यात नुसती ठोकलेली आहे ते बघा. सऱ्यातली कडी म्हणजे शोभेची, त्यावर कुंडी लटकवा. मुख्य तुळईवर पण आधी ठोकून-टोचून बघायचं सगळं झाल्यावरच, कारण हलणारं वजन बसलेल्या वजनापेक्षा जास्त पडतं आणि पाहुण्यांची मुलं तीन-तीन बसतात.

सामान वर नेणं हा शेवटचा उद्योग. जिना अडीच फुटांचा, उभा, धरायला वरून सोडलेली दोरी. त्या जिन्याने डबल बेड जात नाही, कपाट जात नाही, फ्रिज जातो पण हमाल शिव्या घालतात. सुटे होणारे फर्निचर घ्या, जे नाही सुटत ते खिडकीतून दोरीने ओढा, चौकटीची मापं आधी घेऊन, रविवारी सकाळी सातला रस्ता मोकळा असतो तेव्हा. माझं कपाट खिडकीत अडकलं होतं चाळीस मिनिटं, खाली अर्धी खडकी, म्हणजे आमची आळी, गोळा झाली, प्रत्येकाचा वेगळा सल्ला, शेवटी समोरच्या माडीवरच्या आजींनी ओरडून सांगितलं की अगं खिडकीचं दार काढ, बिजागऱ्या उचलून निघतं ते. निघालं.

आणि उत्तरायण. १४ आणि १५ जानेवारीला तुमच्या छपरावर तुम्ही ओळखत नसलेली किमान दहा पोरं चढणार, पतंग अडकला म्हणून एक, तो सोडवायला दुसरा, त्याला सांभाळायला तिसरा. ओरडून उपयोग नाही, मी पहिली दोन वर्षं ओरडले. आता १३ तारखेला आढ्याच्या बाजूने फळ्या बांधून ठेवते म्हणजे पाय कौलावर न पडता फळीवर पडतात, आणि चढणाऱ्या प्रत्येकाला तिळाची चिक्की देऊन सांगते फळी सोडू नकोस. तरी फुटतातच. १६ ला सकाळी मांजा गोळा करायचा, वाशांत अडकलेला पण, कारण कबुतरांच्या पायात जातो, आणि एकेक ओळ करून कौलं मोजायची. या वर्षी अकरा फुटली. पन्नासातली एकोणचाळीस राहिलीत, भाचीला पण लागतील म्हणून बाबाजीपुऱ्यात एक वाडा पाडतायत तिथे बोलून ठेवलंय.